बिनकोंबड्याचं परडं

१

उत्कर्षाला कोंबडी या प्राण्याची पहिल्यापासून किळस. ते खवल्याखवल्यांचे पिवळे पाय, डोळ्यावर खालून वर सरकणारी ती कातडी, आणि घाणीत मान घालून सापडेल ते गिळायची हावरी खोड. शेणातला किडा गिळायचा आणि त्याच चोचीनं ताटलीतलं पाणी प्यायचं. अशा बाईच्या परड्यात कोंबड्या नांदायला आल्या, आणि त्याही तिच्याचसाठी. आता बोलणार काय, आणि कुणाला?

कारण पोटात होतं. गेल्या वर्षी चौथ्या महिन्यात गेलं होतं. यंदा पाचवा लागला तेव्हा घरात कुणी मोठ्यानं शिंकतही नव्हतं. पलूसच्या डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी ओढून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अंगात रक्तच नाही तुमच्या. गोळ्या चालू ठेवा आणि रोज दोन अंडी खा. मागच्यासारखं व्हायला नको असेल तर नाक मुरडू नका."

नाक मुरडायला उत्कर्षा तयार नव्हती. अडचण होती ती सासऱ्यांची. नानासो पलटणीतून हवालदार होऊन परतले, बायको गेली तशी त्यांनी तुळशीची माळ घातली, आणि त्या दिवसापासून कुंडलच्या शिवारातल्या त्यांच्या त्या स्लॅबच्या घरात मटणाचं भांडं शिल्लक राहिलं नाही. अंडं तर उंबऱ्याच्या आत येत नव्हतं. नवरा राजवर्धन तिकडं आसामात सीमेवर, फोन लागला तर लागला. घरात सून आणि सासरा, एवढीच माणसं.

नानासोंनी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं ऐकलं आणि दोन दिवस बाजेवर बसून माळेचे मणी ओढले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरी, अंड्यात जीव नसला तर मग ती फळच की गं. झाडाला वांगं लागावं तसं. कोंबड्या पाळू. कोंबडा तेवढा ठेवायचा न्हाई."

"त्यापेक्षा मी पोल्ट्रीतली आणते, मामा. त्यातही जीव नसतो."

"नगं. त्या इंजेक्शनावर वाढल्याल्या. माझ्या नातवंडाच्या पोटात नगं त्ये."

आणि बाजाराच्या दिवशी ते पलूसहून अंड्यावर आलेल्या पाच तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, घेऊन आले. डालग्यात तलंगांबरोबर एक कोंबडाही होता. विकणारा गडी ऐकेचना म्हणाले. "ह्यो ह्यांच्यातलाच हाय, ह्येच्याबिगर ह्या ऱ्हायच्या न्हाईत," असं म्हणत त्यानं तो बळंच आत कोंबला होता. पैसेसुद्धा घेतले नव्हते.

२

ठेवायचा की नाही, यावर मग घरात चर्चा सुरू झाली. एवढी चर्चा उत्कर्षाच्या लग्नाच्या वेळीही झाली नसेल.

कुंपणापलीकडच्या साळूबाईचं मत पक्कं होतं. तिनं जन्मभर कोंबड्या पाळल्या होत्या, आणि न विचारता सांगायची तिला भारी हौस. "ठेव बाई कोंबडा. घार आली तर वरडणार कोण? आन् कोंबड्यास्नी कुनाचातरी धाक लागतोच. बिगर धाकाचं परडं ऱ्हात न्हाई."

"पण मग अंडी चालणार नाहीत मामांना."

"तुज्या मामास्नी काय कळतंय? पलटणीत काय अंडी उबवत हुते का?"

राजवर्धननं फोनवर एका वाक्यात निकाल लावला. "कापून खा की गं, नानांना सांगू नको." आणि लाइन तुटली.

नानासोंनी मात्र सगळं सुनेवर टाकलं. "खायाचं तुला हाय. तू म्हणशील तसं." ते जरा जास्तच सरळ बोलले. बहुधा तो कोंबडा त्यांना आवडला होता. तांबडा, गळ्याशी सोनेरी, आणि चालणं असं की परड्याचा सातबारा त्याच्याच नावावर.

उत्कर्षानं ठरवायला फार वेळ घेतला नाही. स्वयंपाकघराच्या जाळीतून परडं समोरच दिसायचं. भांडी घासताना नको नको ते बघावं लागायचं. कोंबडा पंख पाडून जवळ यायचा, कोंबडीच्या मानेची पिसं चोचीत धरायचा, पाठीवर चढायचा. क्षणभराचं काम. मग खाली उतरून असा चालायचा की आपण त्या गावचेच नाही. पण उत्कर्षाला त्या कोंबड्यापेक्षा जास्त शिसारी यायची ती कोंबडीच्या बसण्याची. तो जवळ आला की कोंबडी गुडघ्यात मोडायची. पंख अंगापासून थोडे फाकवायची, मान खाली घालायची आणि जमिनीला चिकटून जायची. ओरडणं नाही, पळणं नाही. बसून राहायची. आणि तो उतरला की उठून अंगावरची धूळ झटकायची आणि पुन्हा दाणे टिपायला लागायची. 

"काढून टाकू, मामा," ती म्हणाली. "मला नाही बघवत."

साळूबाईचा भाऊ गुंडा दुसऱ्याच दिवशी सायकलवरून आला आणि पाय बांधून कोंबडा उलटा लटकावून कुंपणापलीकडं घेऊन गेला. पुढं काय झालं हे नानासोंनी विचारलं नाही. उत्कर्षाला विचारायची गरजच पडली नाही. संध्याकाळी साळूबाईच्या उकिरड्यावर तांबडी पिसं आणि मुंडकं पडलं होतं. डोळ्यावर ती खालची कातडी अर्धवट वर आलेली. मुंग्या लागलेल्या. कोंबडा मेला हे तिनं असं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि मोरीत जाऊन दुपारचं जेवण ओकून टाकलं.

३

उत्कर्षा बी.एस्सी. होती. कोंबडा गेला तरी त्याचा अंमल कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे राहतो, हे तिनं मोबाइलवर वाचून ठेवलं होतं. म्हणून पहिला महिनाभर सगळी अंडी तिनं साळूबाईला देऊन टाकली. त्यानंतर खायला लागली. नानासोंनी तिच्यासाठी वेगळा तवा आणि वेगळी चूल केली होती, परड्याच्या दाराशी. स्वतः ते तिथं फिरकायचे नाहीत, पण ओसरीवरून विचारायचे, "खाल्लं का गं?"

काही दिवस ठीक गेले. मग एका सकाळी तिनं अंडं फोडलं आणि बलकाशेजारी रक्ताचा ठिपका निघाला. असं होतं, तिनं स्वतःला सांगितलं, कोंबडीच्या आतली एखादी शीर तुटते, त्यात जीवबीव काही नसतो. चमच्यानं ठिपका काढला, बाकीचं तळलं, नाक दाबून गिळलं. पोटातल्यासाठी.

दुसऱ्या दिवशी ठिपका थोडा मोठा होता. त्याला पाय फुटले होते. म्हणजे बारीक, तांबडे धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे बलकावर पसरलेले. तिनं ते उकिरड्यावर फेकलं आणि मग प्रत्येक अंडं मोबाइलच्या बॅटरीवर धरून बघायची सवय लावली. उजेडात अंडं नुसतं पिवळं दिसलं तर खायचं, आत लाल जाळी दिसली तर टाकायचं. टाकायची अंडी वाढत गेली. ऊन फार आहे, तिनं मनाशी म्हटलं, चैत्राच्या उन्हात अंडं आपोआप तापतं. पण तापायला आधी आत काहीतरी असावं लागतं, हेही तिला बी.एस्सी.नंच शिकवलं होतं.

एका सकाळचं अंडं कवडीनं तिच्यादेखत घातलं होतं. कवडी म्हणजे ती ठिपक्यांची. नानासोंनी सगळ्यांना नावं ठेवली होती. अंडं हातात घेतलं तेव्हा कोमट आणि किंचित ओलं होतं. बॅटरीवर धरलं, आत स्वच्छ पिवळं. जाळी नाही, डाग नाही. तिला बरं वाटलं. तव्यात तेल तापलं होतं. तिनं काठावर अंडं आपटून फोडलं.

आधी आवाज आला, मऊ काहीतरी पडल्याचा. मग वास. तव्यात बलक नव्हताच. ओला, राखाडी, पिसांचा गोळा होता, मान पोटाशी दुमडलेली. तेल उडालं तशी मान सरळ झाली. चोच पिवळी, कडक, पूर्ण तयार. आणि डोळ्यावरची कातडी खालून वर सरकली.

ती तव्यासकट बाहेर पळाली आणि तवाच शेणखताच्या खड्ड्यात फेकला. माती लोटली. हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले, मग राखेनं घासले. तरी बोटांना तो वास राहिलाच, ओल्या पिसांचा आणि तापल्या तेलाचा. ओसरीवरून नानासो विचारत होते, "खाल्लं का गं?"

"खाल्लं," ती म्हणाली.

कारण खरं सांगितलं असतं तर अंडी तर बंद झालीच असती, पण आजवर आपण सुनेला काय खाऊ घातलं याचा विचार करून म्हातारा त्याच दिवशी अन्न सोडून बसला असता. आणि खरं काय, हे तिला तरी कुठं माहीत होतं? आज सकाळी घातलेल्या अंड्यात आज सकाळीच पिलू तयार असत नाही. म्हणजे आपण बघितलं ते चूक. रक्त कमी असलं की डोळ्यांपुढं काहीबाही येतं, असं म्हणतात.

४

अंडी खाणं तिनं बंद केलं. साळूबाईला द्यायची आणि "खाल्लं" म्हणायचं. एकदा साळूबाई म्हणाली, "मी काय खाईत न्हाई गं तुमची अंडी. कुत्र्याला टाकती. कुत्रं बी हुंगून जातंय."

कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडायला लागल्या होत्या. कोंबडा असताना पिसं थोडी विरळ झाली होती, ती तो गेल्यावर भरून यायला पाहिजे होती. भरून आलीही होती. आता पुन्हा गळत होती. कवडीच्या पाठीवर तळहाताएवढी लालभडक कातडी दिसायची, तिच्यावर ओरखडे, ओरखड्यांवर ओली खपली आणि खपलीवर माश्या. नानासो रोज संध्याकाळी एकेकीला मांडीवर घेऊन हळद आणि खोबरेल लावायचे.

"मुंगूस येतंय जणू," ते म्हणायचे. "न्हाईतर उवा झाल्यात."

"उवांनी असे ओरखडे पडतात का, मामा?"

नानासो तेलाचा हात कोंबडीच्याच पिसांना पुसून उठले.

एकदा भर दुपारची वेळ होती. मळ्यात माणूस नाही, उसाचं पान हलत नाही. उत्कर्षा जाळीपाशी ताक ढवळत होती. परड्यात कोंबड्या चिंचेच्या सावलीत माती उकरत होत्या. काळी सगळ्यांपासून जरा लांब, खुराड्याच्या कोपऱ्याशी होती. ती मधेच उकरायची थांबली. मान वर केली. आणि गुडघ्यात मोडून बसली.

पंख फाकले. मान खाली गेली. जमिनीला चिकटली.

तिच्याजवळ कुणीही नव्हतं. उत्कर्षाच्या हातातली रवी थांबली. आता कोंबड्या माणसापुढंही अशा बसतात, हे तिला ठाऊक होतं. अंड्यावर आलेली कोंबडी रोजचा दाणा टाकणारा जवळ आला की त्यालाच कोंबडा समजून बसते. नानासोंपुढं कवडी बसायची तेव्हा ते हसायचे, "बघ, सलाम ठोकतीया." पण नानासो आत झोपले होते, त्यांचं घोरणं इथपर्यंत ऐकू येत होतं.

काळीच्या मानेवरची पिसं उभी राहिली. एकाच जागची, चिमटीत धरल्यासारखी. मान मागं ओढली गेली. पाठ दबली, इतकी दबली की पोट मातीला लागून दोन्ही बाजूंनी बाहेर आलं. एक पीस सुटून हळूच खाली पडलं. मग पाठ वर आली, काळी उठली, तिनं धूळ झटकली आणि दाणे टिपायला लागली.

आणि तिच्या पलीकडची तांबडी गुडघ्यात मोडली.

उत्कर्षानं जाळीची खिडकी लावून घेतली. कडी घातली. ताकाच्या भांड्यात तिच्या तोंडातून लाळ पडली होती, ते सगळं ताक तिनं मोरीत ओतलं.

५

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकवले. घोडं दौडावं तसे. "बाळ छान आहे. वजन वाढलंय. तुमचंच काही वाढत नाही. अंडी चालू आहेत ना?"

"आहेत," उत्कर्षा म्हणाली. मग चाचरत म्हणाली, "मॅडम, गुडघ्यातून बळ जातं. एकदम मोडल्यासारखं होतं."

"कधी? जिना चढताना?"

"नाही. परड्यात."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "परड्यात म्हणजे?"

म्हणजे खुराड्याकडं पाठ करून धुणं वाळत घालताना. हातात ओली साडी, चिमटा तोंडात, आणि मागं कसलीच चाहूल नसताना गुडघे आपोआप वाकायला लागतात. चक्कर येत नाही, डोळ्यांपुढं अंधारी येत नाही. नुसतं खाली बसावंसं वाटतं. बसलं की बरं वाटेल, लवकर संपेल, असं. ती दांडी घट्ट धरून उभी राहिली होती आणि ते गेलं होतं. पण हे असलं डॉक्टरला सांगायचं कसं? लाज वाटण्यासारखं त्यात काय होतं तेही कळत नव्हतं, पण लाज वाटत होती. स्वतःच्या गुडघ्यांची किळस येत होती.

"उन्हातलं काम करताना," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कॅल्शियम लिहून दिलं.

६

परतताना जीपमध्ये तिनं नानासोंना सगळं सांगून टाकलं. अंडी, तवा, जाळीतून बघितलेलं. गुडघ्यांचं तेवढं सांगितलं नाही. म्हातारा चिडेल किंवा हसेल असं तिला वाटलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. 

"मी बी बगितलंय," बाहेर बघत ते म्हणाले. "तुला कशाला सांगू म्हटलं. जिवाला घोर."

"मग आता?"

"कोंबडा आणू."

"आणि तुमची माळ?"

"माळ माझी हाय, पोटातलं बी माझंच हाय. कोंबडा न ठेवून चुकलं आपलं. रिकामी जागा ठिवली." आणि मग, स्वतःलाच समजावावं तसं, "कोंबडा आला की समदं जागच्या जागी येतंय बघ. जनावराची रीत हाय ती."

ते ऐकून उत्कर्षाला हुंदकाच फुटला. ज्या माणसानं आठ वर्षं अंड्याचं टरफल अंगणात पडू दिलं नाही, तो आपल्यासाठी कोंबडा आणायला निघाला होता.

कोंबडा आणला तो चांगला दांडगा. काळपट तांबडा, तुरा हातभर, पायाचे काटे बोटाएवढे. वाटेत त्यानं दोनदा नानासोंच्या हाताला चोच मारली होती. रक्त आलं होतं, तरी म्हातारा खुशीत होता. साळूबाईही कुंपणातून आत येऊन उभी राहिली.

"आसा पायजे," ती म्हणाली. "आता बगा परड्याला कसा दम येतोय."

नानासोंनी पायाची दोरी सोडली. कोंबडा उभा राहिला, अंग झाडलं, पंख फडफडवून धूळ उडवली. कोंबड्या लांबून बघत होत्या. त्यानं छाती काढली, मान ताणली आणि आरवायला चोच उघडली.

आवाज आला नाही. चोच तशीच उघडी राहिली. तो खुराड्याच्या कोपऱ्याकडं बघत होता. आत बारीक जीभ हलताना दिसत होती.

मग त्यानं चोच मिटली. आणि तो एवढा दांडगा कोंबडा, सगळ्यांच्या देखत, गुडघ्यात मोडून खाली बसला. पंख फाकले. तुरा मातीला टेकवला. आणि दबला.

नानासो "अरं, अरं" करत पुढं झाले आणि दोन पावलांवर थबकले. साळूबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. "मी काय बगितलं न्हाई गं बाई," ती पदरातूनच म्हणाली, "मला यात घेऊ नगा," आणि कुंपणातून काटे ओरबाडत निघून गेली.

कोंबडा तिथं राहिला, पण आरवला कधीच नाही. चारच दिवसांत त्याचीही पाठ उघडी पडली. उत्कर्षानं जाळीवर वर्तमानपत्र चिकटवलं.

"समदी घालवू," नानासो म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "कुंडलातनं अर्जुनाला घिऊन येतो. त्यो जाळीच्या गाडीतनं कोंबड्या नेतोय. नेऊन काय बी करंना. मी येईस्तवर परड्याचं दार उघडू नगंस."

"नाही उघडत."

"कायबी झालं तरी."

"नाही उघडत, मामा."

७

सकाळपासून वीज नव्हती. नानासो गेले आणि थोड्या वेळानं वीज आली, तशी बोअरची मोटर आपोआप सुरू झाली. उत्कर्षा माजघरात भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून. बाळ आज जोरात होतं. इकडून लाथ, तिकडून कोपर. पोटावरचा गाऊन हलताना दिसायचा. तिनं हात ठेवला की हाताखालीच ढुशी मारायचं. त्या ढुशीनं तिला आठवडाभरात पहिल्यांदा हसू आलं.

मग स्लॅबवरून पाणी पडायचा आवाज सुरू झाला. टाकी भरली होती.

तिनं वाट बघितली. आत्ता येतील मामा. पाणी पडतच राहिलं. मोटरचं बटण परड्यात होतं, मागच्या भिंतीवर, दारापासून चार हातांवर. चैत्रात बोअरला मुळात पाणी कमी. उपसा असाच चालू राहिला तर मोटर जळणार आणि मग ऐन उन्हाळ्यात प्यायला घागरभर पाणी मिळायचं नाही. ती उठली, बसली, पुन्हा उठली. दिवसाढवळ्या आपल्या परड्यात चार हात जाऊन बटण दाबायचं. एवढं जमत नसेल तर उद्या हे मूल कसं वाढवणार?

तिनं कडी काढली.

बाहेर ऊन असं होतं की डोळे दिपले. स्लॅबवरून पडणारं पाणी परड्यात पसरत होतं, धुळीवरून पातळ सरकत, वर काडीकचरा आणि तांबडी, काळी पिसं तरंगवत. कोंबड्या पलीकडं चिंचेखाली होत्या. तिनं डावा हात भिंतीला लावला आणि भिंत धरून बटणापर्यंत गेली. दाबलं. मोटर गुरगुरून बंद झाली. पाण्याची धार बारीक झाली, मग नुसते थेंब राहिले.

झालं. एवढंच तर होतं.

ती वळली तेव्हा चिंचेखाली काळी बसली होती. तिच्या अलीकडं तांबडी बसली. मग कवडी. मग तो दांडगा कोंबडा, उघड्या पाठीचा, आवाज न करता गुडघ्यात मोडला. एकामागून एक, चिंचेकडून दाराकडं. पण त्यांच्यापैकी एकाचीही पाठ दबली नाही. त्या बसून होत्या आणि त्यांच्या जवळून कुणीतरी पुढं निघालं होतं.

तिची नजर पाण्यावर गेली. पाणी अजून सरकत होतं, आणि परड्याच्या मधोमध एका जागी दोन बाजूंनी वळसा घालून जात होतं. मधे कोरडी जागा होती, बसायच्या पाटाएवढी. पुढं तीन फाटे, मागं एक, कोंबडीच्या पावलासारखे. ती बघत असतानाच ती कोरडी जागा पाण्यानं भरली आणि तिच्या अलीकडं, दाराच्या आणि तिच्या मधे, पाण्यानं दुसरीकडं वळसा घातला.

वास आला. ओल्या पिसांचा, तापल्या तेलाचा.

रक्त कमी आहे, तिनं स्वतःला सांगितलं. ऊन आहे, कॅल्शियम कमी आहे. तिनं दोन्ही तळहात भिंतीला लावले. बोटं भिंतीवरून खाली घसरायला लागली, आणि तिला कळलं की गुडघे वाकतायत. ती त्यांना नाही म्हणत होती. ओरडायला तोंड उघडलं, पण तोंड नुसतं उघडंच राहिलं. कोपरं अंगापासून आपोआप फाकली. मान खाली गेली. ओल्या मातीचा गारवा गुडघ्यांना लागला, आणि स्वतःची इतकी किळस तिला जन्मात कधी आली नव्हती. उठायचं होतं. स्वतःसाठी नाही, पोटातल्यासाठी उठायचं होतं. तेवढ्यासाठी तिनं अंगातला सगळा जोर काढला.

आणि पोटात, सकाळपासून लाथा मारणारं ते बाळ एकदम थांबलं. मेलं नव्हतं. तिला स्पष्ट जाणवत होतं. त्यानं हातपाय आखडून घेतले, मान खाली घातली, आणि आतल्या आत, अंग फाकवून, तेही बसलं.